शिक्का आणि बंध : बिझंटाइन सम्राटांच्या शिसमुद्रा व आपल्याकडील राजमुद्रा

गेल्या पावसाळ्यांत औरंगपुऱ्यांतील एका वृद्ध संग्राहक स्नेह्यांनीं मला आपली एक वही दाखविली. जाड कागदाच्या त्या वहींत जुन्या कागदांवरून कापून घेतलेले साठाहून अधिक शिक्के खळीनें चिकटविलेले होते. कांहीं फार्सी, कांहीं देवनागरी. प्रत्येकाखालीं सुबक अक्षरांत धन्याचें नांव, आणि जेथें वाचतां आला तेथें सनहि. कातरीची ती करामत पाहून माझी नापसंति चेहऱ्यावर उमटली असावी. तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "युरोपांतले पंडित कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहांच्या शिशाच्या सुट्या मुद्रांवरून सगळ्या राज्याचा कारभार उभा करतात. त्यांच्याजवळ कागद कोठें आहे? मग माझ्या सुट्या शिक्क्यांनींच काय पाप केलें?"

प्रश्न वाजवी होता, व त्याचें उत्तर एका बैठकींत देतां येण्याजोगें नव्हतें. आपल्या मंडळींपैकीं अनेकांच्या संग्रहांत असे सुटे शिक्के, तुटक्या कड्या व ताम्रपटांपासून अलग झालेल्या मुद्रा असल्यामुळें तें येथें थोड्या विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

आज ज्यास बिझंटाइन साम्राज्य म्हणतात तेथील लोक स्वतःस शेवटपर्यंत रोमनच म्हणवीत. इ. स. ३३० मध्यें कॉन्स्टंटाइन बादशहानें ज्या नगरीस राजधानीचा मान दिला ती इ. स. १४५३ मध्यें उस्मानी तुर्कांनीं घेतली. आपल्या जुन्या लिखाणांत 'रूमचा पातशहा' म्हणून जो भेटतो तो हा तुर्क सुलतान. पण रूम हें नांव त्याच्या वांट्यास आलें तें या पूर्वीच्या रोमनांकडूनच. या अकराशें वर्षांच्या राजवटींतील सरकारी पत्रें बव्हंशीं नष्ट झालीं आहेत. उरल्या आहेत त्या पत्रांवरील शिशाच्या मुद्रा, आणि त्या साठ हजारांहून अधिक आहेत. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें डंबार्टन ओक्स नांवाची जी संस्था आहे तिच्या एकटीच्या संग्रहांत त्या सुमारें सतरा हजार आहेत. या विषयाचा पाया ज्यानें घातला त्या गुस्ताव्ह श्लुंबर्जे या फ्रेंच पंडिताचा मोठा ग्रंथ इ. स. १८८४ मध्यें प्रसिद्ध झाला.

मुद्रा करण्याची रीत मुळांतून समजून घेतल्याखेरीज पुढील विवेचन उमगणार नाहीं. प्रथम शिशाच्या कोऱ्या चकत्या ओतून ठेवीत. चकतीच्या पोटांतून एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत आरपार नळी राखलेली असे. पत्राची घडी करून तें दोऱ्यानें बांधीत, दोऱ्याचीं टोकें त्या नळींतून ओवीत, व ती चकती सांडशीच्या आकाराच्या एका लोखंडी हत्याराच्या जबड्यांत धरून वरून हातोड्याचा घाव घालीत. दोन्ही जबड्यांच्या आंतल्या बाजूंस अक्षरें व आकृति उलट्या कोरलेल्या असत. एकाच घावासरशी दोन कामें होत : चकतीच्या दोन्ही अंगांस ठसा उठे, आणि पोटांतली नळी दबून दोरा शिशांत कायमचा आवळला जाई. या हत्यारास ग्रीक भाषेंत 'बुलोटेरिऑन' व अशा मुद्रेस 'मोलिब्डोबुलॉन' म्हणत. शिसें निवडण्याचें कारण उघड आहे. तें स्वस्त, मऊ, थंड असतांहि ठसा घेणारें; आणि लाखेसारखें उन्हानें वितळणारें नव्हे.

ही मुद्रा म्हणजे आधीं कुलूप, मग सही. पत्र ज्यास आलें तो दोरा कापून पत्र उघडी. मुद्रा मात्र न मोडतां बाजूला पडे. पत्र वाळवीनें खाल्लें, आगींत गेलें, कुजलें. शिसें मातींत राहिलें. अशा रीतीनें कुलूप उरलें आणि पेटी गेली. श्लुंबर्जेपासून आजपर्यंतच्या अभ्यासकांना जो सुटा माल मिळाला तो कोणी सुटा केलेला नव्हे, काळानें सुटा केलेला आहे. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच आलें. पण दुसरें अर्धें अधिक महत्त्वाचें आहे. तें असें कीं, ही शिसमुद्रा दिसते तेवढी सुटी नसते.

एक तर तिच्या पोटांतली ती नळी. ती मुद्रेसंगें राहतेच, व कधीं कधीं तींत दोऱ्याचे तंतूहि सांपडतात. दुसरें, ती जेथें सांपडते ती जागा. पत्र लिहिलें जाई राजधानींत, पण दोरा कापला जाई तो पत्र पोंचल्या ठिकाणीं. म्हणून मुद्रा जेथें भूमींत मिळाली तेथें ते पत्र उघडलें गेलें असें बहुधा म्हणतां येतें. बल्गेरियाची जुनी राजधानी प्रेस्लाव्ह येथें उत्खननांत बिझंटाइन मुद्रा मोठ्या संख्येनें मिळाल्या. कॉन्स्टँटिनोपलहून त्या ठाण्याकडे कोण कोण लिहीत होतें याची जणूं ती टांचण-वहीच होय. तीच मुद्रा एखाद्या जवाहिऱ्याच्या दुकानांत, कोठून आली हें न सांगतां मिळाली, तर तिच्यावरचें नांव तेवढें वाचतां येतें. पत्र कोठें चाललें होतें हें कायमचें हरवतें. युरोपांतले अभ्यासकहि बाजारी मुद्रांबद्दल हीच हळहळ व्यक्त करतात.

आतां सम्राटांच्या मुद्रांवर काय असे तें पाहूं. सहाव्या शतकांत, म्हणजे जस्टिनियनच्या वेळीं, एका अंगावर बादशहाचा अर्धपुतळा व दुसऱ्यावर पंखांची विजयदेवता अशी मांडणी दिसते. पुढें विजयदेवतेची जागा पुष्कळदां मेरीमातेनें घेतली. आठव्या शतकांत मूर्तिपूजेवरून त्या राज्यांत मोठें वादळ उठलें. देवादिकांच्या प्रतिमा निषिद्ध ठरल्या, व त्याबरोबर मुद्रांवरूनहि त्या उतरल्या. त्यांच्या जागीं क्रूस व प्रार्थनेचीं अक्षरें आलीं. इ. स. ८४३ मध्यें प्रतिमा पुन्हा मान्य झाल्या, आणि त्यानंतर सम्राटाच्या मुद्रेच्या एका अंगावर ख्रिस्त व दुसऱ्यावर दरबारी वेषांतील सम्राट ही मांडणी रूढ झाली. मुद्रेवर सन नसला तरी तिचा काळ ठरविण्यास हें एवढें पुष्कळदां पुरतें.

अक्षरांचा भाग यापेक्षां बोलका आहे. नवव्या शतकापासून सम्राट आपणांस 'रोमनांचा राजा' असें आवर्जून लिहूं लागले, कारण पश्चिमेकडे शार्लमेन हाहि सम्राटपदावर हक्क सांगूं लागला होता. अधिकाऱ्यांच्या मुद्रांवर बहुधा, हे प्रभो, तुझ्या अमुक दासास साह्य कर, अशा अर्थाची प्रार्थना, व पुढें नांव, पदवी आणि हुद्दा. अकराव्या-बाराव्या शतकांत तर सरदार-घराण्यांतील मुद्रांवर बारा अक्षरी चरणांचीं पद्यें येऊं लागलीं. चार बोटांच्या चकतीवर नव्हे, अंगठ्याएवढ्या चकतीवर! सातव्या-आठव्या शतकांतील सरकारी वखारींच्या मुद्रांवर सम्राटाच्या मुखवट्याबरोबर 'इंडिक्शन' म्हणून वर्षाचा आंकडा असतो. इंडिक्शन म्हणजे पंधरा वर्षांचें कालचक्र. आपलें साठ संवत्सरांचें असतें तसें. नुसत्या आंकड्यानें वर्ष ठरत नाहीं, परंतु मुखवटा कोणाचा हें कळलें कीं बहुधा ठरतें. म्हणजे येथेंहि दोन गोष्टी जोडून पाहाव्या लागतात.

थोर दानपत्रांस व परराजांच्या पत्रांस शिशाऐवजीं सोन्याची मुद्रा लावीत. सातव्या कॉन्स्टंटाइननें (इ. स. ९४५ ते ९५९ ही त्याची स्वतंत्र कारकीर्द) दरबारी रीतिरिवाजांचा जो ग्रंथ सिद्ध करविला त्यांत कोणत्या राजास कोणत्या मायन्यानें लिहावें व मुद्रा किती नाण्यांच्या वजनाची असावी हें नमूद आहे. रोमच्या पोपास प्रथम एका सुवर्णनाण्याची व पुढें दोन नाण्यांची, बगदादच्या खलिफास चार नाण्यांची. आमच्या दृष्टीनें गमतीची गोष्ट अशी कीं त्याच यादींत 'इंडिया'च्या अधिपतीसहि आपला प्रिय मित्र म्हणून लिहिण्याचा मायना दिला आहे. त्या काळीं ग्रीक लेखक इथिओपियासहि इंडिया म्हणत, तेव्हां हा अधिपति कोण हें खात्रीनें सांगतां येत नाहीं. पण त्याच वर्षांत दक्षिणेंत राष्ट्रकूट तिसरा कृष्ण राज्य करीत होता व अरब प्रवासी त्याच्या घराण्यास 'बल्हरा' म्हणून हिंदुस्थानांतील श्रेष्ठ राजा समजत, एवढें लक्षांत ठेवण्यास हरकत नाहीं.

शिशाच्या मुद्रेची ही परंपरा पोपच्या दरबारांतहि चालली. पोपच्या आज्ञापत्रास 'बुल' म्हणतात तें त्यास लोंबणाऱ्या 'बुल्ला'वरून. तिच्या एका अंगावर संत पीटर व संत पॉल यांचे मुखवटे, दुसऱ्यावर पोपचें नांव. तेथें दोऱ्यालाहि अर्थ असे : कृपेच्या सनदेस तांबडा-पिवळा रेशमी गोफ, हुकुमास तागाची दोरी. गोव्याचें स्वतंत्र धर्मपीठ इ. स. १५३४ मध्यें निर्माण झालें तें अशाच एका बुलानें. दोरी काढून नुसतें शिसें जपून ठेवणारा संग्राहक कृपा होती कीं हुकूम होता हेंच गमावून बसतो.

येथें एका घोटाळ्याचा उल्लेख केला पाहिजे. तेर, पैठण, नेवासें इत्यादि ठिकाणीं रोमन नाण्यांच्या नकला केलेल्या मातीच्या चकत्या सांपडतात व पुराणवस्तुशास्त्रज्ञ त्यांस 'बुल्ला' म्हणतात. पण तीं गळ्यांत घालण्याचीं पदकें आहेत. वर कडी असते, पोटांत बंध नसतो. नांव एक म्हणून त्यांस पत्राच्या मुद्रा समजूं नये. सातवाहनांचीं शिशाचीं नाणीं पैठणच्या बाजूस मिळतात, त्यांचाहि या विषयाशीं धातूपुरताच संबंध.

मग आपल्याकडे या शिसमुद्रेचें खरें भावंडे कोणतें? माझ्या मतें ताम्रपटाची कडी व तिच्यावरील मुद्रा. ताम्रपटाचे पत्रे बहुधा दोन, तीन किंवा अधिक असतात; पहिल्याची बाहेरची बाजू व शेवटल्याचीहि बाहेरची बाजू प्रायः कोरी ठेवीत, म्हणजे अक्षरें झिजूं नयेत. पत्र्यांना भोंकें पाडून त्यांतून तांब्याची जाड कडी ओवीत, आणि कडीचीं दोन्ही टोकें मुद्रेच्या बुडांत बसवून डाग देत. पत्रा काढावयाचा किंवा घालावयाचा तर कडी कापावी लागे अथवा मुद्रा उखडावी लागे. पत्राच्या दोऱ्याचें जें काम तेंच या कडीचें. फरक इतकाच कीं रोमन बादशहाचें पत्र एकदां उघडण्यासाठीं बांधलेलें असे, आपला ताम्रपट 'आचंद्रार्क' न सोडण्यासाठीं.

याज्ञवल्क्यस्मृतींत दानलेख वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लिहून त्यावर राजानें आपली मुद्रा उठवावी असें सांगितलें आहे. त्या स्मृतीवर कोकणच्या शिलाहार अपरादित्याच्या नांवाची मोठी टीका आहे. ज्याच्या घराण्याचे ताम्रपट गरुडमुद्रेनें बांधलेले आपणांस मिळतात, त्याच घराण्यांतील राजा त्या विधानाचा अर्थ लावीत बसला होता हें चित्र मला मोठें रम्य वाटतें. बदामीच्या चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूटांचा दोन्ही हातांत नाग धरलेला गरुड, यादवांचाहि गरुड, गोव्याच्या कदंबांचा सिंह : ही लांछनें वाचकांच्या परिचयाचीं आहेत.

आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर पैठणचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एक राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाचा, शके ७१६ च्या वैशाख अमावास्येस, सूर्यग्रहणाच्या पर्वणीस दिलेला, म्हणजे ४ मे ७९४ चा. तो कीलहॉर्न यांनीं छापला. दुसरा यादव रामचंद्राचा, शके ११९३ चा. वेरूळहून मिळालेला दंतिदुर्गाचा ताम्रपट याहून जुना. असे लेख छापतांना फ्लीट, कीलहॉर्न प्रभृति विद्वान् अक्षरांकडे वळण्यापूर्वीं एक कोरडें वाक्य हटकून लिहीत : पट माझ्या हातीं आले तेव्हां कडी कापलेली नव्हती, किंवा, कापलेली होती. नवशिका वाचक तें वाक्य ओलांडून पुढें जातो. वस्तुतः सगळ्या लेखाची जामीनकी त्या वाक्यांत आहे. कडी अखंड असेल तर मधला पत्रा बदललेला नाहीं. कापलेली असेल तर गांवाचें नांव, सीमा, प्रतिग्रहीत्याचें गोत्र ज्या पत्र्यावर आहे तो मूळचाच कीं मागाहून घातलेला हें अक्षरवटिकेवरून व भाषेवरून नव्यानें तपासावें लागतें. बनावट ताम्रपट आपल्याकडे थोडेथोडके नाहींत, आणि अस्सल मुद्रा बनावट पत्र्यांस जोडणें ही त्यांतली सोपी युक्ति. म्हणून कडीपासून सुटलेली सुंदर गरुडमुद्रा मला कोणी दाखविली कीं प्रथम आनंद होतो, व लगेच मनांत येतें, हिचे पत्रे आतां कोणत्या अवस्थेंत असतील?

वाकाटकांची तऱ्हा वेगळी. ज्यांच्या वत्सगुल्म शाखेच्या काळीं अजिंठ्याचीं बरींचशीं लेणीं खोदलीं गेलीं त्या या घराण्याच्या मुद्रेवर गरुड-वराहासारख्या लांछनास नव्हे, तर अक्षरांस मान आहे. मुद्रा बहुधा चपटी चकती असून तिच्यावर चार ओळींत एक अनुष्टुभ्. चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता हिच्या, पुण्यास उजेडांत आलेल्या ताम्रपटाच्या मुद्रेवरील श्लोकांत ती स्वतःस युवराजाची माता म्हणविते व आपल्या शासनास शत्रूंचें शासन करणारें म्हणते. 'शासन' या शब्दाचे आज्ञा व दंड हे दोन्ही अर्थ तेथें खेळविले आहेत. बिझंटाइन सरदार आपल्या शिशावर पद्य कोरवूं लागले त्याच्या सहाशें वर्षें आधींची ही गोष्ट. पुढें अकबराच्या न्यायखात्याच्या मेहराबी आकाराच्या मुद्रेवर फार्सी पद्य होतें असें अबुल फजल लिहितो. आणि शिवछत्रपतींची अष्टकोनी मुद्रा पुन्हा संस्कृत अनुष्टुभ् घेऊन येते. ज्या काळीं जिजाबाईसाहेबांची मुद्राहि फार्सींत होती त्या काळीं ही संस्कृत मुद्रा काय बोलत होती हें निराळें सांगावयास नको.

कागदावर आलों कीं मुद्रेचें रूप पालटतें. धातूची जड वस्तु जाऊन शाईचा पातळ ठसा उरतो. बंध मात्र जात नाहीं. तो कागदाच्या पोटांतून निघून त्याच्या मांडणींत शिरतो. शिवकालीन मराठी पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा व मजकूर संपतांच मर्यादामुद्रा. रांझ्याच्या पाटलासंबंधींचें २८ जानेवारी १६४६ चें पत्र मुद्रेसह असल्यानें सर्वांस ठाऊक आहे. मर्यादा म्हणजे येथवरच मजकूर. यापुढें एक अक्षर आढळलें तर तें दुसऱ्याचें. पेशवाईंतील 'लेखनसीमा' हें मोर्तब तोच पहारा करतें. लांब महजरांत व निवाडपत्रांत बंदास बंद चिकटवून गुंडाळी करीत, त्यांच्या सांध्यांवर पाठीमागून शिक्के उठवीत : अर्धा ठसा वरच्या बंदावर, अर्धा खालच्यावर. मधला बंद कोणी काढला तर ठशाचे दोन अर्ध जुळणार नाहींत. ताम्रपटाच्या कडीचें हें कागदी रूप नव्हे तर काय? खेरीज पत्राच्या पाठीवर 'सुरु सूद', 'बार सूद' असे दफ्तरदारी शेरे असतात. समोरचा शिक्का कातरीनें उचलला कीं त्याच्या पाठचा शेराहि जातो, व वहींत खळीनें चिकटला कीं दिसेनासा होतो.

मोंगली शिक्क्यांत धन्याच्या नांवाला महत्त्व. औरंगजेबाच्या मोठ्या वाटोळ्या मुद्रेंत मध्यें त्याचें नांव व भोंवतीं तैमूरपर्यंतच्या पूर्वजांचीं नांवें वर्तुळांत बसविलेलीं असत. ही रीत अकबराच्या वेळीं होतीच. मुल्ला मक्सूद यानें पोलादावर अशी मुद्रा खोदल्याचें अबुल फजलनें नमूद केलें आहे. सरदारांच्या मुद्रांत मात्र स्वतःच्या नांवाआधीं किंवा नंतर बादशहाचें नांव व आपण त्याचा 'बंदा', 'मुरीद' अथवा 'फिदवी' ही कबुली, शिवाय पुष्कळदां हिजरी सन व जुलूसी वर्ष. बिझंटाइन अधिकारी आपणांस प्रभूचा दास म्हणवी, आणि दुसऱ्या जस्टिनियन बादशहानें तर नाण्यावर स्वतःस ख्रिस्ताचा सेवक म्हटलें. मुद्रेंत प्रत्येक जण कोणाचा तरी असतोच.

पेशव्यांचीहि मुद्रा याच घाटाची. 'राजा शाहू नरपति हर्षनिधान' आणि मग खालीं प्रधानाचें नांव. थोरले शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारल्यावर शाहूच्या जागीं राजारामाचें नांव आलें, आणि रामराजे इ. स. १७७७ त वारल्यावर पुन्हा शाहू. हे धाकटे शाहू, यांचा काळ १८०८ पर्यंत. याचा परिणाम असा कीं 'राजा शाहू ... बाजीराव ... प्रधान' एवढेंच जर ठशांत वाचतां येत असेल तर तो थोरल्या बाजीरावाचा कीं रावबाजीचा हें ठरत नाहीं. एकाच्या मुद्रेंत 'बल्लाळ', दुसऱ्याच्या मुद्रेंत 'रघुनाथ'. पण नेमकें तेंच अक्षर शाई फांकून बुजलेलें असलें कीं दोन पुरुषांमधलें साठ वर्षांचें अंतर एका डागांत नाहींसें होतें. कागद शाबूत असेल तर खालचा सन वाचून प्रश्न क्षणांत सुटतो.

औरंगाबादच्या (इ. स. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) किले अर्कांत मोंगली दफ्तराचे गठ्ठे पडून होते, ते इ. स. १९१६ मध्यें हैदराबादेस हालविले गेले. शहाजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दीचे सुमारें दीड लाख कागद तेथील दफ्तरखान्यांत आहेत. ते येथून गेले याची खंत येथील अभ्यासकांस वाटते, मलाहि वाटते. पण ते गठ्ठ्यांनीं गेले. पाठीवरचे शेरे, कडेचे शिक्के, घड्या यांसह. कोणत्या कचेरींतून कागद कसा फिरला हें त्या पाठींवरूनच लावतां येतें. खाजगी वाड्यांतून कातरीनें जें गेलें त्याला हैदराबादेचा पत्ताहि नाहीं.

संग्राहकांच्या उपयोगासाठीं दोन शब्द. ताम्रपटाचा ठसा घेण्यास कडी कापण्याची गरज नाहीं. पत्रे कडींतच सरकवून एकेक बाजू घेतां येते, थोडा त्रास पडतो इतकेंच. छायाचित्र घ्यावयाचें तर उजेड कडेनें पाडावा. झिजलेलीं अक्षरें सावलींत उठतात. शिशाची वस्तु कोणाजवळ असल्यास ती घासूं नये, चिंच-लिंबाच्या तर जवळहि नेऊं नये; वरचा करडा थर हेंच तिचें चिलखत, आणि ती सागवानी पेटींत ठेवूं नये, कारण लाकडाच्या आंबट वाफेनें शिशाची पूड होते. कागदी शिक्क्याची नोंद करतांना त्याचें वाचन, आकार, माप यांबरोबर तो पानावर कोठें आहे, उलटा कीं सुलटा, आणि त्याच्या पाठीस काय आहे हें अवश्य लिहावें.

आमच्या स्नेह्यांस हें सारें टप्प्याटप्प्यानें सांगितलें. त्यांनीं लगेच मान्य केलें नाहीं. चिडले मात्र नाहींत. चार दिवसांनीं निरोप आला कीं ज्या कागदांतून शिक्के कापले त्यांतले कांहीं माळ्यावरच्या ट्रंकेंत अजून आहेत. खिडक्या पडलेले ते कागद जमिनीवर पसरले, व ओल्या टीपकागदानें वहींतील एकेक शिक्का सैल करीत आम्हीं जुळवूं लागलों. कागदाची वीण, कातरीची वांकडी धांव, आणि कडेला अर्धें तुटलेलें एखादें अक्षर यांवरून पहिल्या आठवड्यांत अकरा शिक्के आपापल्या जागीं बसले. त्यांत वहींच्या पहिल्याच पानावरचा, 'थोरले बाजीराव' असें खालीं लिहिलेला व त्यांना सर्वांत प्रिय असलेला शिक्का होता. तो ज्या सनदेच्या खिडकींत बसला तिच्या सनाचें पहिलें अक्षर कसरीनें खाल्लें आहे, परंतु पुढचें 'मयातैन व अलफ' स्वच्छ आहे. म्हणजे बाराशेंच्या पुढील अरबी सन, इ. स. १७९९ नंतरचा. थोरल्या बाजीरावाच्या कागदावर तेथें 'मया' असतें. शिक्का रावबाजीचा. शिक्क्याच्या पाठीस 'बार सूद' हा शेराहि निघाला. तो वहींत असतां कोणास दिसला नव्हता. स्नेह्यांनीं वहींतील नांव खोडलें नाहीं, शेजारीं बारीक अक्षरांत नवें लिहिलें. अद्याप पन्नासांवर शिक्के जुळावयाचे आहेत व ट्रंकेंतील कागद संपत आले आहेत.